समदुःखींची सोबत

दिवाळी अंकाच्या वाचकापुढे आजाराचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही ती वाटी मी ठेवणार आहे. एक तर, ज्या घरात हा अंक वाचला जाईल त्या घरात, किंवा त्याच्या शेजारी, एखादे तरी माणूस असे असेल, की ज्याच्या ताटात या वर्षी चकली वाढलेली नाही. सगळे हसत असताना ते माणूसही हसते आहे, पण त्याचे लक्ष औषधाच्या वेळेकडे आहे. दुसरे असे, की हा लेख मी कबूल केलेला आहे. ज्यांना कबूल केला त्या आता तो वाचावयाला नाहीत. त्यामुळे तो लिहिणे अधिकच बंधनकारक झाले आहे.

माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, किरणांचा शेक झाला. या साऱ्या खटाटोपात, रुग्णालयाच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या एका बाईंनी वहिनींचा फोन हातात घेतला आणि त्यांना एका गटात दाखल करून टाकले. याच रोगाने ग्रासलेल्या दोनशेहून अधिक बायका त्या गटात होत्या. कोणी जळगावच्या, कोणी चिपळूणच्या, एक थेट इंदूरच्या. सकाळी उठून वहिनी देवापुढे दिवा लावीत आणि मग चष्मा लावून तो फोन वाचीत बसत. दादा म्हणत, "हिचे पारायण चालले आहे." 

एके दिवशी मी भेटायला गेलो असता वहिनींनी फोन माझ्या हाती दिला नि म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या खोड्या काढल्यात. हे एकदा वाचा आणि सांगा, यातले खरे किती, खोटे किती. आणि नुसते माझ्या कानात सांगू नका. लिहा."

मी हसलो. पण घरी गेल्यावर आणि नंतरच्या दोन-तीन भेटींत मी ते आठ महिन्यांचे लिखाण खरोखरच वाचले. वाचता वाचता माझे हसू मावळले. कथा-कादंबऱ्यांवर लिहिताना आपण 'जीवनदर्शन', 'अनुभूती', 'प्रामाणिकपणा' हे शब्द फार स्वस्त करून ठेवले आहेत. इथे तेच शब्द अब्रूने वागवावे लागत होते. कारण इथल्या एका चुकीच्या वाक्याने वाचणारणीची रात्रीची झोप जात होती, आणि कधी कधी औषधाची गोळीही चुकत होती. व्याकरण नाही, विरामचिन्हे नाहीत, फुलांची चित्रे मात्र भरपूर. पण हे वाङ्मय होते. माणसाने माणसाला उद्देशून, जीव लावून लिहिलेले. तेव्हा त्याची टीका व्हावयास हवी, असे मला वाटू लागले. टीका म्हणजे दोषांची यादी नव्हे. जे म्हटले आहे ते खरे आहे काय, आणि ज्याला म्हटले आहे त्याच्यापर्यंत ते पोचते काय, एवढे दोन प्रश्न धीराने विचारणे म्हणजे टीका.

टीकाकाराला तुलनेवाचून चालता येत नाही. मी कपाटातून अलेक्झांडर सोल्झेनित्सिनची 'कॅन्सर वॉर्ड' काढली. 1968 साली ही कादंबरी रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. तिच्या स्वतःच्या देशात ती छापून यायला 1990 साल उजाडावे लागले. लेखक स्वतः 1954 साली ताश्कंदला कर्करोगावर उपचार घेत होता, आणि कादंबरीतला काळ त्यानंतरच्या वर्षाचा, 1955 चा आहे. आजवर या कादंबरीची चर्चा झाली ती बहुतेक राजकारणाच्या अंगाने: स्टालिननंतरचा रशिया, छावण्या, हद्दपारी, सत्तेची भीती. ती चर्चा योग्यच आहे. पण वहिनींचा फोन वाचून झाल्यावर मी ती पुन्हा वाचली, तेव्हा मला तीत दुसरेच काही दिसले. एकाच रोगाची माणसे एका खोलीत कोंडली म्हणजे ती एकमेकांना काय देतात आणि एकमेकांचे काय हिरावून घेतात, याचा इतका बारीक अभ्यास मला दुसरीकडे आढळलेला नाही.

रुसानोव हा मोठा अधिकारी मानेवरची गाठ घेऊन त्या वॉर्डात येतो. या सामान्य माणसांत आपल्याला झोपावे लागणार, याचीच त्याला गाठीपेक्षा जास्त किळस. त्याचे स्वागत कोण करतो? पोद्दुयेव नावाचा, मानेला पट्ट्या गुंडाळलेला धिप्पाड बांधकामवाला. हा दिवसभर खाटांमधून येरझारा घालतो आणि येईल त्याला ऐकवतो, की इथून कोणी सुटत नाही. प्रत्येक गटात असा एक पोद्दुयेव असतोच. वहिनींच्या गटातही एक बाई होत्या. कोणी नवीन बाई भीत भीत आपला रिपोर्ट सांगे, की यांचे उत्तर तयार: "माझ्या नणंदेचे असेच होते. सहा महिने." वहिनी त्यांना 'यमूताई' म्हणत.

परंतु सोल्झेनित्सिन मोठा लेखक आहे तो येथे. हा पोद्दुयेव त्याने नुसता भीतीचा भोंगा म्हणून सोडून दिलेला नाही. त्याच्या हाती टॉल्स्टॉयच्या गोष्टींचे पुस्तक पडते. त्यातल्या एका गोष्टीचे नावच एक प्रश्न आहे: माणसे कशाच्या आधारावर जगतात? आणि ज्याने जन्मात असला विचार केला नाही तो हा रांगडा गडी खाटेखाटेवर जाऊन तो प्रश्न विचारीत सुटतो. कोणी म्हणतो अन्नावर, कोणी म्हणतो पगारावर. रुसानोव तत्त्वप्रणालीचे पाठ केलेले उत्तर देतो. उत्तरे महत्त्वाची नाहीत. महत्त्वाचे हे, की घाबरवणाऱ्याला जेव्हा विचारायला प्रश्न सापडला, तेव्हा त्याचे घाबरवणे थांबले. ज्याच्या तोंडून भीती बोलत असते त्याला गप्प बसवू नये. त्याला खरा प्रश्न विचारू द्यावा. आमच्या यमूताईंना गटाच्या प्रमुखबाईंनी दोनदा तंबी दिली आणि तिसऱ्या वेळी काढून टाकले. त्यांना कोणी विचारले नाही, की बाई, ती नणंद तुमची कोण होती? तिचे सारे तुम्हीच केलेत का?

आता दुसरी बाजू, धीर देणाऱ्यांची. या बाबतीत आपण मराठी माणसे फार उदार आहोत. आजारी माणसापाशी बसलो, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "काही होत नाही." मीही वहिनींना पहिल्या भेटीत हेच म्हणालो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, "बरं." आणि चहा टाकायला उठल्या. पुढे कितीतरी महिन्यांनी मला कळले, की त्या दिवशी त्यांना माझ्याशी घराच्या कागदपत्रांविषयी आणि पुतणीच्या लग्नाविषयी बोलायचे होते. "काही होत नाही" या माझ्या तीन शब्दांनी ते दार बाहेरून लावून घेतले. ज्याला काही होतच नाही, त्याने निरवानिरव कशाची करायची?

टॉल्स्टॉयने 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा 1886 साली प्रसिद्ध केली. त्या मरणाऱ्या न्यायाधीशाला वेदनेइतकेच छळते ते घरच्यांचे आणि डॉक्टरांचे खोटे: हा नुसता आजारी आहे, मरत नाही, असे सगळ्यांनी मिळून चालविलेले नाटक. त्याला बरे वाटते ते फक्त गेरासिम या खेडवळ नोकरापाशी. कारण तो खोटे बोलत नाही आणि तासन् तास त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो. धीर देण्याचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत आले: खोटे न बोलणे आणि पाय धरणे. नुसते खरे बोलून पाय न धरणारा तो पोद्दुयेव. नुसते पाय धरून खोटे बोलणारे ते आपण सगळे.

पण म्हणून प्रत्येकाला सगळे सत्य सांगून टाकावे काय? येथे 'कॅन्सर वॉर्ड' टॉल्स्टॉयच्या पुढे जाते. प्रोश्का नावाच्या तरुणाला रुग्णालयातून सुटी मिळते. तो आनंदात आहे. त्याच्या कागदावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की हृदयात गाठ आहे आणि शस्त्रक्रिया शक्य नाही. तो कागद तो कोस्तोग्लोतोवला दाखवितो. रोग्यापासून काही लपवू नये म्हणून डॉक्टरांशी हमरीतुमरीवर येणारा हा कोस्तोग्लोतोव तो कागद वाचतो, समजतो, आणि नजर चुकवून, आपल्याला कळत नाही म्हणून त्याला वाटेला लावतो. उलट, वर्षानुवर्षे रोग्यांना अर्धेच सांगणारी डॉक्टर दोन्त्सोवा स्वतः त्याच रोगाच्या दारात येते, तेव्हा आपल्या दुखण्याचा तपशील आपल्याला कोणी सांगू नये असे तिला वाटते. लेखकाने दोघांनाही दोष दिलेला नाही. सत्य हे सर्वांना एकाच मापाने वाढायचे पक्वान्न नाही. ज्याला जेवढी भूक असेल तेवढे, आणि मागितल्यावर. वहिनींच्या गटाचा मोठा दोष हा होता, की दोनशे बायकांना एकाच पंगतीला बसविले होते. जिची गाठ कालच सापडली आहे ती आणि जिचा रोग हाडांत उतरला आहे ती, अशा दोघींना एकच मजकूर एकाच क्षणी वाचावा लागत होता. एकीला हवी ती माहिती दुसरीला विष होती. दुसरीला हवे ते बोलणे पहिलीला भीती होती. परिणामी दोघीही गप्प बसत, आणि त्या शांततेत सुप्रभाताची फुले फुलत.

आता औषधांकडे वळू. 'बटाट्याची चाळ' 1958 साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला 'उपास' ज्यांनी वाचला आहे त्यांना हे प्रकरण मी अधिक सांगायला नको. वजन उतरवायचे एवढे जाहीर करण्याचा अवकाश, की चाळीतला प्रत्येक जण आपापला अपथ्याचा पदार्थ घेऊन हजर! त्या सल्ल्यांत जो हास्यरस आहे तो एका अटीवर आहे: पंतांना झालेले काहीच नाही. तेच सल्ले कर्करोगाच्या माणसाला दिले, की हसे ओठावर थिजते. गटात मी मोजून पाहिले नाही, पण रामफळापासून गोमूत्रापर्यंत सगळे होते. "साखर सोडा, गाठ उपाशी मरते" हे होते. आणि एकीने, आपण केमो अर्ध्यावर सोडून अमुक वैद्याकडे गेलो व ठणठणीत आहोत, असे लिहिले होते. तिला सत्तर जणींनी हात जोडले होते. त्यानंतर तिचे लिखाण कुठे आले नव्हते. तिचे पुढे काय झाले, असे कोणी विचारलेही नव्हते.

या भाबडेपणाला हसणे सोपे आहे. पण सोल्झेनित्सिनचा वॉर्ड पाहा. एके दिवशी तिथे बातमी येते, की मॉस्कोजवळच्या खेड्यातल्या एका डॉक्टरला असे आढळले, की जे शेतकरी पैसे वाचविण्यासाठी चहाऐवजी भूर्ज वृक्षावरच्या बुरशीचा काढा पितात त्यांच्यात कर्करोग दिसत नाही. साऱ्या वॉर्डात जीव येतो. माणसे उठून बसतात. ज्याला या लोकांचे वारे नको असते तो रुसानोवसुद्धा कान टवकारतो. लेखकाने या प्रसंगाची टिंगल केलेली नाही. त्या बुरशीचा गुणही त्याने गायलेला नाही. त्याने एवढेच दाखविले आहे, की काही वेळ ही माणसे रोगी राहिली नव्हती, ती शोधक झाली होती. आशा ही त्या काढ्यात नव्हती. आपल्यालाही काही करता येईल, या कल्पनेत होती.

मग ही आशा मारायची नाही आणि माणूसही मरू द्यायचे नाही, याला वाट कोणती? एक वाट अलीकडच्या काळात काही रोग्यांनीच काढली आहे. ए.एल.एस. नावाचा एक भयंकर रोग आहे. त्यात शरीराचे स्नायू एकेक करून निकामी होत जातात. 2008 साली इटलीतल्या काही संशोधकांनी, लिथियम या जुन्याच औषधाने हा रोग मंदावतो, असे थोड्या रोग्यांवरून जाहीर केले. बातमी जगभर पसरली. 'पेशंट्स लाइक मी' या अमेरिकेतल्या संगणकावरच्या रोगी-मंडळातील अनेकांनी आपापल्या डॉक्टरांकडून ते औषध मिळविले. इथवर ही आपल्या भूर्जाच्या बुरशीचीच गोष्ट. पण या लोकांनी पुढे एक केले: कोणी किती घेतले, हात किती हलतो, गिळता किती येते, हे प्रत्येकाने ठराविक पद्धतीने टिपून ठेवले. 149 जणांच्या या नोंदी, औषध न घेतलेल्या पण तशाच अवस्थेतल्या रोग्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लिथियमने काहीही फरक पडत नाही. उत्तर नकाराचे आले, आशा फसली. पण ज्यांना अजून रोग व्हायचा होता त्यांचा खर्च, कष्ट आणि भ्रम वाचला. मरणाच्या वाटेवरची माणसे मागून येणाऱ्यांसाठी वाटेवर खूण करून ठेवतात, याहून मोठा पुरुषार्थ मला तरी ठाऊक नाही. आमच्या गटातल्या सत्तर जोडलेल्या हातांपैकी एका हाताने जरी, "बाई, आता तीन महिन्यांनी तुमचा रिपोर्ट काय म्हणतो ते कळवा, आणि तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का?" असे लिहिले असते, तरी त्या गटाची जात बदलली असती.

रोग्यांनी एकत्र जमावे ही कल्पना तशी नवी नाही, आणि ती फोनमधून जन्मलेली तर मुळीच नाही. 1905 साली बोस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रोग्यांचा एक वर्ग सुरू केला. आरोग्यधामाचा खर्च ज्यांना झेपत नव्हता अशी ही माणसे आठवड्यातून एकदा जमत. घरी हवा, विश्रांती, वजन यांची वही ठेवीत आणि ती दाखवीत. वजन वाढलेला माणूस पाहून दुसऱ्याला उमेद येते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले ते त्यानंतर. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांनी, त्यातला एक डॉक्टर होता, एकमेकांना सावरता सावरता 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी केली. आपल्याकडे 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' सुरू झाले. तिथेही व्यसनातून उठलेला माणूसच नव्या माणसाचा हात धरतो. आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या रुग्णालयात उपचारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी अंथरूण टाकतात. एकमेकांची भाषा येत नाही. पण कोणाच्या पोराला आज उलट्या होत आहेत, हे कळायला भाषा कशाला लागते?

अशा सोबतीने आयुष्य वाढते काय? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. 1989 साली अमेरिकेतले डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अहवाल प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या 86 स्त्रियांपैकी ज्या वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलल्या त्या सरासरी 36.6 महिने जगल्या. ज्यांना हा गट मिळाला नाही त्या 18.9 महिने. जवळजवळ दुप्पट! जगभर घंटा वाजल्या. पण शास्त्र हे कठोर टीकाकार आहे. 2001 साली 235 स्त्रियांवर केलेल्या कॅनडातल्या प्रयोगात आयुष्यात काहीच फरक आढळला नाही. 2007 साली खुद्द स्पीगल यांनी पुन्हा केलेल्या प्रयोगातही एकंदरीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले. मग हाती काय उरले? 2001 च्याच प्रयोगात असे दिसले होते, की गटात बसणाऱ्या स्त्रियांची मनाची तळमळ कमी झाली आणि दुखणे कमी जाणवले. ज्यांची तळमळ मुळात जास्त होती त्यांना अधिक लाभ झाला. दिवस तेवढेच राहिले. ते दिवस कमी दुखले. मला विचाराल तर वैद्यकाने सोबतीला दिलेले हे प्रमाणपत्र पहिल्यापेक्षा मोठे आहे. जगण्याची मुदत वाढते म्हणून कोणी कोणाशी बोलू लागले, तर ते बोलणे औषधाच्या मात्रेसारखे होईल. बोलल्याने हलके वाटते, एवढे कारण बोलायला पुरेसे असावे.

स्पीगल यांच्या त्या गटांविषयी एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. त्यांत मरणाचा विषय टाळला जात नसे. सभासद बाई गेली, की उरलेल्या जणी तिच्याविषयी बोलत, शोक करीत, आणि आपल्याही मरणाकडे पाहत. हे त्यांच्या मार्गदर्शकांनी मुद्दाम ठरविलेले होते.

आणि इथेच मला वहिनींच्या गटावरचा माझा मुख्य आक्षेप नोंदवावयाचा आहे. वहिनी गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गेल्या. तेराव्या दिवशी माझ्या पुतणीने त्यांच्याच फोनवरून गटाला दोन ओळी लिहिल्या: आई गेली, शेवटपर्यंत तुमचे वाचीत होती, सर्वांचे आभार. दहा मिनिटांत त्या ओळी पुसल्या गेल्या, आणि वहिनींचा नंबर गटातून काढण्यात आला. प्रमुखबाईंनी पुतणीला वेगळे लिहिले: "वाईट वाटून घेऊ नकोस. बाकीच्यांचे मनोधैर्य खचते." त्या बाई दुष्ट नाहीत. त्या स्वतः रोगी आहेत, विनावेतन हा व्याप सांभाळतात आणि कितीतरी जणींना त्यांनी रुग्णालयाच्या दारापर्यंत नेले आहे. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी काय केले ते पाहा. दोनशे बायकांना त्यांनी न बोलता सांगितले, की तुम्ही गेलात तर तुम्हालाही असेच पुसले जाईल. मनोधैर्य खचते ते मरणाच्या बातमीने की अशा पुसण्याने? मागे चाळून पाहिले तेव्हा मला उमगले, की त्या आठ महिन्यांत असे अकरा नंबर नाहीसे झाले होते. वहिनींनीही ते मोजले असणार. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचा, यातले खोटे किती, हाच अर्थ असावा.

गट चांगला व्हायचा तर काय करावे, असे कोणी मला विचारले, तर मी टीकाकाराच्या भाषेत एवढेच सांगेन. पंगत लहान असावी; वीस-पंचवीस पानांवर ज्याला त्याला काय हवे ते वाढणाऱ्याला दिसते. नव्यांचे वेगळे, जुन्यांचे वेगळे आणि सेवा करणाऱ्या घरच्यांचे तर वेगळेच घर असावे. कारण थकलेल्या नवऱ्याला "मी कंटाळलो" हे बायकोच्या डोळ्यांदेखत लिहिता येत नाही. जो तो बोलेल ते 'मला' म्हणून बोलावे, 'तुम्ही' म्हणून नव्हे: "मला असे झाले" ही साक्ष आहे, "तुम्ही असे करा" हा हुकूम आहे. औषधाची वार्ता देणाऱ्याने पुढचीही वार्ता द्यावी, आणि एखादा जाणता डॉक्टर किंवा परिचारिका हाकेच्या अंतरावर असावी. गटाच्या माथ्यावर मात्र नको. कोणाचा कागद, कोणाचे नाव उंबऱ्याबाहेर जाऊ नये. आपल्याकडे आईच्या रोगाचा कागद मुलीच्या स्थळापर्यंत पोचतो, हे विसरून चालणार नाही. आणि जो गेला त्याचे नाव एक दिवस तरी सर्वांसमोर उच्चारले जावे.

एवढे म्हणून मी थांबलो असतो, तर वहिनी म्हणाल्या असत्या, "खोड्या काढल्यात, पण खरे किती ते कुठे सांगितलेत?"

तर तेही सांगतो. 'कॅन्सर वॉर्ड'मध्ये आस्या नावाची एक तरतरीत मुलगी आहे. सोळा वर्षांच्या द्योमकाचा पाय कापावा लागणार हे ऐकून ती झटकन् म्हणून टाकते, की त्यापेक्षा मेलेले बरे. पुढे तिच्याच स्तनाला रोग निघतो. तेव्हा ती रडत धावत येते ती कोणाकडे? ज्याचा पाय आता कापला गेला आहे त्या द्योमकाच्या खाटेपाशी. डॉक्टर, आई, मैत्रिणी कोणी तिला नको असते. जो त्या दारातून आत जाऊन बाहेर आला आहे असाच माणूस तिला हवा असतो.

वहिनींच्या शस्त्रक्रियेनंतर घरात एक अवघड प्रश्न होता, जो त्यांनी दादांना विचारला नाही, मुलीला विचारला नाही, डॉक्टरांपाशी तर नाहीच. एक बाजू रिकामी झाल्याने पदर घसरे आणि खांदा वाकडा होई. त्यांनी तो प्रश्न रात्री साडेबाराला गटात लिहिला. जळगावच्या बाईंनी एकच्या सुमारास उत्तर दिले: जखम पुरती भरू द्या, मग जुन्या मऊ लुगड्याची छोटी पिशवी शिवा, तीत कापूस आणि थोडी मोहरी भरा, दुसऱ्या बाजूइतके वजन आले म्हणजे खांदा सरळ राहतो, पोलक्याला आतून खिसा करा. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा काही दिवस बाजूला ठेवा. आणि मग, "तुम्ही जाग्या आहात का अजून? मीही जागी आहे."

हे मी जपून ठेवले आहे. एवढ्या मजकुरात खोटे एक अक्षर नाही, उपदेश नाही, "काही होत नाही" नाही. गेरासिमने धरलेले पाय आहेत. वहिनींच्या आठ महिन्यांच्या पारायणात अशी उत्तरे मला पंधरा-वीस सापडली. त्यांतली बहुतेक रात्रीची. उरलेले सारे फुलांचे निर्माल्य खुशाल वाहून जाऊ द्यावे; या पंधरा-वीस उत्तरांसाठी असे गट जगले पाहिजेत, आणि म्हणूनच ते सुधारले पाहिजेत.

पुतणीच्या त्या दोन ओळी पुसल्या जाण्यापूर्वी एकीने वाचल्या होत्या. त्या संध्याकाळी जळगावहून फोन आला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "ती मोहरीची पिशवी होती ना, ती नीट बसली होती का हो शेवटपर्यंत?" पुतणी म्हणाली, "हो. आईने स्वतःच दोनदा उसवून पुन्हा शिवली होती." पलीकडून त्या म्हणाल्या, "मग ठीक."